सांताक्रूझचा पाऊस, कुलाब्याचा वॉर्ड

(दृश्य: लॅपटॉपचा स्क्रीन, अगदी जवळून. आलेखावर चार रंगांच्या रेषा. तीन एकमेकींत मिसळलेल्या, चौथी खूप वर, जवळजवळ सपाट.)

ही चौथी रेषा बघा. प्रत्येक रेषा म्हणजे संगणकाने उत्तर शोधत केलेला एक प्रवास, त्याला चेन म्हणतात. बाकीच्या तिघी एकाच पट्ट्यात वरखाली करताहेत आणि ही भलतीकडेच अडकून बसली आहे. चौघींना डेटा एकच दिलाय, मॉडेलही एकच. फक्त प्रत्येकीची सुरुवात वेगळ्या जागेवरून झाली. सगळं सुरळीत असतं तर चौघी इतक्या मिसळल्या असत्या की कुठली कोणाची ते कळलं नसतं, आलेख केसाळ सुरवंटासारखा दिसला असता.

मी मुंबईतल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. शनिवारी दुपारी दादरच्या माझ्या घरी लोक अडलेली मॉडेलं घेऊन येतात. कोणी पीएचडी करतंय, कोणी हॉस्पिटलात डॉक्टर आहे, कोणी बँकेत. येण्याआधी बहुतेकांचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतो. स्क्रीनचा तिरका फोटो, त्यात लाल अक्षरांची शेवटची ओळ, आणि खाली, "मॅडम, एरर आलाय."

(दृश्य: जेवणाचं टेबल. लॅपटॉप, वही, चहाचे कप. बाहेर पाऊस.)

आज आलेली मुलगी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करते. तिचा विषय लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या आणि गुराढोरांच्या मूत्रातून हे जंतू पाण्यात येतात आणि पायाला जखम असताना साचलेल्या पाण्यातून चाललं की शरीरात शिरतात. मुंबईत पावसाळ्यात हा आजार कोणाला सांगावा लागत नाही. तिला विचारायचंय की पाऊस वाढला की पुढच्या आठवड्यांत वॉर्डावॉर्डांतले रुग्ण किती पटीने वाढतात. त्यासाठी तिने 2005 चा पावसाळा घेतलाय.

पद्धत बेझियन. डेटा बघण्याआधी आपल्याला जे शक्य वाटतं तो प्रायर. त्याला डेटाची जोड दिली की हाती येतो तो पोस्टिरिअर. थॉमस बेझ 1761 मध्ये वारले आणि त्यांचा निबंध 1763 मध्ये त्यांचे स्नेही रिचर्ड प्राइस यांनी छापून आणला. म्हणजे कल्पना जुनी. अडत होतं ते गणितापाशी, कारण खऱ्याखुऱ्या प्रश्नाचा पोस्टिरिअर कागदावर सोडवता येत नाही. 1953 मध्ये अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या संशोधकांनी संगणकाला यादृच्छिक पावलं टाकत नमुने गोळा करायला शिकवलं. 1989 पासून केंब्रिजमध्ये बग्ज हे सॉफ्टवेअर आकाराला आलं, आणि 2012 मध्ये स्टॅन. त्याचं नाव स्टॅनिस्लॉ उलाम या गणितज्ञावरून ठेवलंय. आता लॅपटॉप असलेला कोणीही हे करू शकतो. मला ही फार मोठी गोष्ट वाटते, आणि म्हणूनच अडलेल्या माणसाला एकटं सोडू नये असंही वाटतं.

(दृश्य: स्क्रीनवर वर-वर सरकणारा मजकूर. बोट एका ओळीवर थांबतं.)

मी आधी शेवटची ओळ सोडून वर जायला सांगते. तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा वरच असतं. इथेही तसंच निघालं. सुरुवातीलाच ओळी होत्या, की सॉफ्टवेअरने सुरुवातीचे आकडे नाकारले.

"मॅडम, पण नंतर रन झालं ना."

"झालं, पण कुठून सुरू झालं ते बघ."

वेगळं काही सांगितलं नाही तर स्टॅन प्रत्येक अज्ञात आकड्याची सुरुवात उणे 2 ते अधिक 2 यांच्यामध्ये कुठून तरी करतो. हिने पाऊस मिलिमीटरमध्ये भरला होता. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्याला 2 ने गुणलं की 1888, आणि हा आकडा मॉडेलमध्ये ई (साधारण 2.718) या संख्येचा घातांक म्हणून जातो. संगणकाच्या नेहमीच्या आकड्यांत नैसर्गिक घातांक साधारण 709 पर्यंतच मावतो. त्याच्या पुढे अनंत. म्हणून नकार. आणि जिथे नकार आला नाही तिथेही चेन खऱ्या उत्तरापासून फार दूर सोडली गेली, कारण दर मिलिमीटरमागचा खरा परिणाम असणार हजारांश भागांत. ती चौथी रेषा तिथेच अडकली होती.

उपाय एका ओळीचा. पाऊस शंभराने भागायचा, म्हणजे शंभर मिलिमीटर हे एक एकक. 944 चे झाले 9.44. चारही चेन एकत्र आल्या. आर-हॅट नावाचा आकडा, जो चेन एकमेकींशी जुळल्या का ते सांगतो, एकाच्या जवळ आला. गेलमन आणि रुबिन यांनी तो 1992 मध्ये मांडला. पूर्वी 1.1 पर्यंत चालवून घ्यायचे, आता 1.01 च्या आत असावा असा आग्रह असतो, आणि तो योग्यच आहे.

(दृश्य: कागदावर पेन्सिलीने काढलेली आकडेमोड.)

एकक बदललं की प्रायरही पुन्हा बघावा लागतो. तिने शून्य सरासरी आणि 10 प्रमाण विचलनाचा प्रायर दिला होता. कारण विचारलं तर म्हणाली, "मोकळा ठेवलाय, माझं मत त्यात नको म्हणून."

मी तिला पेन्सिल दिली आणि डेटा बाजूला ठेवून नुसता प्रायर काय बोलतो ते काढायला सांगितलं. 9.44 गुणिले 10, म्हणजे 94.4. तेवढा घातांक घेतला की उत्तर येतं 1 वर 41 शून्यं. एका दिवसाच्या पावसाने रुग्ण तितक्या पटीने वाढतील, ही शक्यता तिचा मोकळा प्रायर अगदी सहज धरून चालला होता. 2011 च्या जनगणनेत डोंगरी, मशीद बंदरच्या बी वॉर्डची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास होती. विचलन 10 ऐवजी 0.3 घेतलं तर तोच पाऊस साधारण 17 पट वाढ दाखवतो. ही वाढही मोठीच आहे, पण पृथ्वीवर घडू शकेल अशी.

इथे मला एका मराठी माणसाची आठवण काढायची आहे. वसंत शंकर हुजुरबाजार, कोल्हापूरचे. केंब्रिजला त्यांनी हॅरल्ड जेफ्रीज यांच्या हाताखाली संशोधन केलं आणि परतल्यावर पुणे विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग उभा केला. 1974 मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. याच जेफ्रीज यांनी 1946 मध्ये असा प्रायर मांडला, की तुम्ही मोजण्याची भाषा बदललीत तरी त्याचा अर्थ बदलत नाही. मिलिमीटर घ्या नाहीतर इंच. आज माझ्या टेबलावर जे घडलं त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न या माणसांनी संगणक घराघरांत येण्याच्या कितीतरी आधी हाताळला होता. हे आपल्या मुलांना माहीत असायला हवं.

(दृश्य: ठिपक्यांचा आलेख. खाली चिंचोळा, वर पसरट. चिंचोळ्या टोकाशी लाल ठिपके.)

पुन्हा रन. आता वेगळी वॉर्निंग, डायव्हर्जन्सची, म्हणजे नमुने गोळा करताना काही ठिकाणी हिशेब फिसकटल्याची. यावर बाहेर एक झटपट उपाय फिरतो. अ‍ॅडाप्ट-डेल्टा नावाची सेटिंग 0.8 वरून 0.99 करा, गप्प बसेल. मला या सल्ल्याची भीती वाटते. कधी तो खरंच पुरतो. पण वॉर्निंग का आली हे न बघता ती गप्प करायची म्हणजे उत्तराचा एक कोपरा तपासायचाच राहून जातो.

हे लाल ठिपके कुठे जमलेत बघा. लेप्टोचे रुग्ण एका वॉर्डात एका आठवड्यात मोजकेच. मॉडेल प्रत्येक वॉर्डाचा स्वतःचा फरक शोधतंय आणि शिवाय वॉर्डावॉर्डांत एकूण तफावत किती, तेही. ही तफावत शून्याच्या जवळ आली की सगळ्या वॉर्डांचे फरकही शून्याशी दाटतात. वर ऐसपैस जागा, खाली अरुंद मान, असा नरसाळ्याचा आकार होतो. सॅम्पलरचं, म्हणजे नमुने गोळा करणाऱ्या पद्धतीचं, पाऊल मात्र सगळीकडे एकाच मापाचं. वरच्या भागाला योग्य असलेलं पाऊल मानेत फार मोठं पडतं, हिशेब फिसकटतो, आणि तिथे तो लाल ठिपका सोडतो.

यावर मॉडेलचा अर्थ न बदलता ते वेगळ्या रीतीने लिहिता येतं. वॉर्डाचा फरक थेट मागायचा नाही. शून्य सरासरीचा, एक विचलनाचा साधा आकडा मागायचा आणि त्याला तफावतीने गुणायचं. सॅम्पलरपुरतं नरसाळं नाहीसं होतं. डेटा भरपूर असेल तर मात्र उलट होतं, हीच मांडणी त्रास देते आणि जुनीच बरी. म्हणून आधी रुग्णसंख्या बघायची, मग ठरवायचं.

डायव्हर्जन्स गेले. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद मला फार आवडला.

(दृश्य: रांगा आणि रकान्यांचं टेबल. सगळा डेटा, वॉर्डवार.)

तरी मी तिला थांबवलं. एका गोष्टीचं कोडं सुटत नव्हतं. ए वॉर्ड, म्हणजे कुलाबा, फोर्टचा भाग, मॉडेलला अपेक्षेपेक्षा फारच निरोगी दिसत होता. मी म्हटलं, "अगं, कोड राहू दे. डेटा उघड आणि ए वॉर्डची ओळ वाच."

तिने वाचली. पावसाच्या रकान्यात सांताक्रूझचा आकडा. प्रत्येक वॉर्डाला तोच. 26 जुलैला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडत असताना कुलाब्याच्या वेधशाळेत नोंद होती 73 मिलिमीटरची. एकच शहर, एकच दिवस. कुलाब्यात न पडलेला पाऊस आपण मॉडेलला पडला म्हणून सांगितला. एवढ्या पावसात रुग्ण का वाढले नाहीत याचा मेळ लागेना, म्हणून मॉडेलने ते सगळं कुलाब्याच्या चांगल्या प्रकृतीच्या खात्यात टाकलं.

याची एकही वॉर्निंग नव्हती. आर-हॅट उत्तम, डायव्हर्जन्स शून्य. सॉफ्टवेअर फक्त इतकंच सांगतं, की तुम्ही लिहिलेल्या मॉडेलचा पोस्टिरिअर मला नीट फिरून बघता आला की नाही. ते मॉडेल मुंबईबद्दल आहे की नाही, हे त्याला कुठून कळणार? म्हणून मदत करणाऱ्याला शहर माहीत असावं लागतं, आजार माहीत असावा लागतो. निदान विचारायची सवय तरी हवी.

आणखी एक तपासणी मी प्रत्येकाला करायला लावते. स्वतःच डेटा तयार करायचा, ज्याचं खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. पावसाचा परिणाम अमुक ठरवून संगणकाकडून रुग्णसंख्या काढून घ्यायची आणि तीच मॉडेलला खायला घालायची. ठरवलेलं उत्तर परत आलं नाही तर दोष मॉडेलमध्ये आहे. मदत मागतानाही हाच डेटा पाठवता येतो, म्हणजे कोणा रुग्णाचं नाव, पत्ता परक्याच्या हाती जात नाही. सोबत कोड, सॉफ्टवेअरची आवृत्ती, सीडचा आकडा (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा) आणि पहिल्यापासूनच्या सगळ्या ओळी. तिरका फोटो नको.

(दृश्य: मुंबईचा नकाशा. दक्षिणेला एक बिंदू, उपनगरात एक. मधला भाग रिकामा.)

आता प्रश्न मधल्या वॉर्डांचा. माटुंगा, सायनच्या एफ नॉर्थला कुठला आकडा द्यायचा? महापालिकेने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले ते 2005 नंतर. त्या वर्षीच्या तिच्या डेटात हवामान खात्याची दोनच केंद्रं. मग आम्ही मधल्या वॉर्डांचा पाऊसही अज्ञात धरला. दोन केंद्रांच्या नोंदी आणि अंतर यांवरून मॉडेलनेच त्याचा अंदाज बांधायचा, आणि त्या अंदाजातली अनिश्चितता पुढे उत्तरात न्यायची. रन व्हायला बराच वेळ लागला.

उत्तर आलं, पण इंटरव्हल, म्हणजे खरं उत्तर ज्यात असावं असा पट्टा, आधीपेक्षा चांगलाच रुंद.

"मॅडम, हा असा छापला तर गाईड काय म्हणतील?"

"असाच छाप. आणि टेबलाखाली लिही, की कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यामधल्या वॉर्डांचा पाऊस मोजलेला नाही, अंदाजलेला आहे."