एनोला कोण?

नमस्कार श्रोतेहो. आज ६ ऑगस्ट. १९४५ साली याच दिवशी सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला, हे आपण सगळ्यांनीच शाळेत घोकलंय. बोलायचंय ते युद्धातल्या दुःखावरून आलेल्या गाण्यांबद्दल. म्हणजे खरं तर एकाच गाण्याबद्दल, कारण ती गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

युद्धाचं गाणं म्हटलं की आपल्या कानाला ओळखीचं ते ‘ऐ मेरे वतन के लोगो’. कवी प्रदीपांचे शब्द, आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची चाल, लताबाईंचा आवाज, २७ जानेवारी १९६३, दिल्ली. चीनच्या युद्धात गेलेल्यांसाठीचं. ते लागलं की बोलणारे आपोआप आवाज खाली आणतात. (झेंडावंदनाला ते फाटक्या भोंग्यावर लावतात, ते मात्र बंद व्हायला हवं. असो.)

तर १९८४ साल. आम्ही तिघं पोट्टे गोकुळपेठेत भाड्याच्या खोलीत. एकाच्या मामानं लंडनहून कॅसेट पाठवलेली. बँडचं नाव ‘ऑर्केस्ट्रल मनुव्हर्स इन द डार्क’, म्हणता म्हणता दम लागावा असं. त्यातलं १९८० चं गाणं, ‘एनोला गे’. सिंथेसायझरची ती धून ऐकली की पाय जागेवर राहत नसत. शब्द निम्मे कळायचे नाहीत. एनोला म्हणजे कुणी पोरगी, हे आम्ही ठरवूनच टाकलं. एकानं तर प्रॅक्टिकलच्या वहीमागे तिचं चित्र काढलं, दोन वेण्यांचं.

गॅदरिंगला यावरच नाच बसवायचा ठरला. तालीम घरमालकांच्या अंगणात. रीळ अडकली की पेन्सिल घालून फिरवायची. आता एका बोटात गाणं पुढे सरकतं, म्हणून दुसरं कडवं कोणी ऐकतच नाही, असं माझं पक्कं मत आहे.

घरमालक काका अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लेथवर होते. तोफगोळ्यांची कवचं बनवायचे. त्या संध्याकाळी सायकल भिंतीला टेकवून ते जरा वेळ ऐकत राहिले.

“काय नाव म्हणते रे तो?”

आम्ही सांगितलं. काकांनी जेवणाचा डबा ओट्यावर ठेवला. “पोरीचं नाव नाही ते. विमानाचं आहे. हिरोशिमावाल्या.”

आजी, म्हणजे काकांची आई, सूप घेऊन गहू निवडत बसली होती. “विमानाले बाईचं नाव?”

“पायलटच्या मायचं. त्यानंच लिहवून घेतलं विमानावर.”

आजीचा हात सुपातच थांबला. “मायचं नाव देल्लं अन् बॉम्ब टाकला? तिले समजलं काय मंग, का आपल्या नावानं काय झालं ते?”

काका काही बोलले नाहीत. हात धुवायला न्हाणीत गेले. त्यांच्या नखांतलं ऑइल साबणानं कधी पूर्ण जायचं नाही. त्या दिवशी बराच वेळ नळ चालू होता.

पुन्हा सांगतो, ऐकताना निसटू नये म्हणून. एनोला गे हे पायलट पॉल टिबेट्सच्या आईचं नाव. विमान बी-२९. आणि बॉम्बचं नाव लिटल बॉय, म्हणजे लहानगं पोर. पुढे कधीतरी डिक्शनरी घेऊन आम्ही गाणं ओळीओळीनं लावलं, तर आजीच्या जवळपासचाच प्रश्न त्यात निघाला: त्या पोराचा आईला आज अभिमान वाटतो का? गाण्यातलं घड्याळही सव्वाआठच दाखवतं. हिरोशिमाच्या संग्रहालयात तसं थांबलेलं खरं घड्याळ ठेवलेलं आहे.

एवढ्या मरणावर नाचायची चाल काय लावता, असं त्या गाण्याला पुष्कळांनी म्हटलंय. मला ते पटत नाही. रडकी चाल असती तर आम्ही पोट्ट्यांनी ते पहिल्याच दिवशी बंद केलं असतं.

नाच आम्ही केला. पण अंगणात नाही, आजीनं सपशेल नाही म्हटलं. “कोणाच्या मायच्या नावावर काय नाचता?” मग ट्राफिक पार्कच्या मागे तालमी झाल्या. वहीतलं चित्र मित्रानं फाडलं नाही. दोन वेण्या खोडल्या आणि अंबाडा काढला.

आता ते गाणं लावतो. साडेतीन मिनिटांचं आहे.