अंगठ्याची शाई आणि पॅरिसचा करार

नमस्कार, श्रोतेहो.

आज ९ ऑक्टोबर, जागतिक टपाल दिन. १८७४ साली याच तारखेला स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात २२ देशांनी टपालाचा पहिला मोठा करार केला. त्या कराराचा विषय होता पत्रं. पैशाचा प्रश्न चार वर्षांनी पॅरिसमध्ये निघाला. परमुलखात राबणाऱ्या माणसाची कमाई त्याच्या घरी सुखरूप कशी पोचवायची, यावर तिथे देशोदेशीची टपाल खाती घासाघीस करत बसली. त्या वाटाघाटींची हकिगत आज सांगतो.

पण आधी आमच्या ओटीवर येऊ. माझे काका मुंबईला गिरणीत होते. महिन्याच्या दहा-बारा तारखेला आजीचे कान रस्त्याकडे लागलेले असायचे. पोस्टमन यायचा, पाटावर बसायचा, तांब्याभर पाणी प्यायचा आणि पिशवीतून मनीऑर्डरचा फॉर्म काढायचा. आजीचा डावा अंगठा शाईच्या पॅडवर टेकवून फॉर्मवर उठवायचा. शेजारचे भाऊआजोबा साक्षीदार म्हणून सही करायचे. मग नोटा मोजून आजीच्या हातात. फॉर्मच्या तळाचं कूपन पोस्टमन फाडून द्यायचा आणि त्यावरच्या काकांच्या दोन ओळी वाचूनही दाखवायचा. आजी अंगठ्याची शाई केसांना पुसायची आणि नोटा घेऊन थेट देवापुढे जायची.

मुंबई आणि आमचं गाव, दोन्हीकडे रुपया एक, टपाल खातं एक, तिजोरी एक. आता समजा, मुलगा फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात हमाली करतोय आणि आई आहे इटलीतल्या एका खेड्यात. अशी हजारो घरं त्या काळात होती. मुलगा मार्सेयच्या टपाल कचेरीत शंभर फ्रँक भरतो. पलीकडच्या पोस्टमास्तरनं ते आईला कुणाच्या गल्ल्यातून द्यायचे? कोणत्या नाण्यात? आणि वाटेत कागद गहाळ झाला तर ते पैसे कुणाचे बुडाले?

२ मे १८७८ ला पॅरिसमध्ये टपाल परिषद भरली. जर्मनीकडून आले होते हाइनरिश फॉन श्टेफान, बर्नच्या कराराचे मूळ शिल्पकार. हे पॅरिस कोणतं, तेही ध्यानात घ्या. सातच वर्षांपूर्वी जर्मन फौजांचा या शहराला वेढा पडला होता, आणि शहरातली पत्रं फुग्यांतून उडवून बाहेर धाडावी लागत होती. त्याच शहरात आता बर्लिनचा टपालप्रमुख येऊन बसला होता, आणि एकानं लिहून दिलं की दुसऱ्यानं आपल्या पेटीतून रोकड मोजायची, अशा करारावर दोघांना सह्या करायच्या होत्या. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

खरी गाठ होती चलनाची. फ्रान्स, इटली, बेल्जियम आणि स्वित्झर्लंड यांनी १८६५ सालीच नाण्यांचा संघ केला होता. नाण्यापुरता एक फ्रँक म्हणजे इटलीचा एक लिरा. पण पुढच्याच वर्षी इटलीनं नोटांच्या बदल्यात सोनं-चांदी देणं थांबवलं, आणि कागदी लिराला बट्टा लागला. मार्सेयला मुलानं खणखणीत फ्रँक भरले आणि आईच्या हातात तेवढेच कागदी लिरा पडले, तर मधला बट्टा कुणीतरी गिळला असं होतं. यावर पॅरिसच्या करारात साधा, सरळ तोडगा निघाला. पैसे भरायचे आणि द्यायचे ते धातूच्या नाण्यात. कुणाला कागदी चलन वापरायचंच असेल तर खुशाल वापरावं, पण दरातला फरक धरून. हुंडणावळीचा भार गरिबाच्या माथी मारायचा नाही, हे त्या कोरड्या कलमात लिहिलेलं आहे.

बाकीची कलमं याच वळणाची. एका मनीऑर्डरला कमाल मर्यादा ५०० फ्रँक. दर २५ फ्रँकांना २५ सांतीम (सांतीम म्हणजे फ्रँकचा शंभरावा भाग), म्हणजे शेकडा एक, एवढी फी. तीही दोन्ही खात्यांनी निम्मी निम्मी वाटून घ्यायची, कारण पैसे घेणाऱ्याला जेवढं काम तेवढंच देणाऱ्यालाही. आणि ज्या कलमासाठी मी आज बोलायला बसलो ते असं: भरलेली रक्कम ज्याच्या नावाची आहे त्याला रीतसर मिळेपर्यंत टपाल खातं भरणाऱ्याला तिची हमी देईल. राजे, मंत्री, सेनापती यांच्या तहांत अशी वाक्यं क्वचित सापडतात. एका मजुराच्या शंभर फ्रँकांसाठी सरकारांनी आपला शब्द गहाण टाकला होता.

४ जून १८७८ ला सह्या झाल्या, १ एप्रिल १८७९ पासून अंमल सुरू झाला. पण एक फरक राहिला. बर्नच्या करारातून उभ्या राहिलेल्या देशांच्या टपाल संघात यायचं तर पत्रांचा करार सगळ्यांना बंधनकारक होता, मनीऑर्डरचा मात्र ऐच्छिक. जर्मनी, फ्रान्स, इटली, ऑस्ट्रिया-हंगेरी, बेल्जियम, स्वित्झर्लंड आत आले. ब्रिटन बाहेर राहिला. ब्रिटननं एकेका देशाशी स्वतंत्र करार करण्याचीच वाट धरली, आणि हिंदुस्थानचा कारभार ब्रिटिशांकडे असल्यामुळे आपणही बाहेरच.

हिंदुस्थानात १८८० साली मनीऑर्डरचं काम सरकारी तिजोऱ्यांकडून टपाल खात्याकडे आलं. आपल्या खात्यानं एक गोष्ट मनापासून केली: पैशांचा बटवडा घरपोच. विलायतेत पैसे घ्यायला माणसाला कचेरीत जावं लागे, इथे पोस्टमन ओटीवर येई. बाहेरदेशच्या मनीऑर्डरीला मात्र चांदीच्या रुपयानं छळलं. १८७०च्या सुमारास रुपयाला ब्रिटनच्या दोन शिलिंगांच्या जवळपास मिळत. चांदीचा भाव पडत गेला, तसा १८९४ पर्यंत तो सव्वा शिलिंगाच्याही खाली उतरला. पॅरिसला कागदी लिराचा जो पेच होता, तोच आपल्याकडे चांदीच्या रूपात उभा राहिला.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये लढल्या. साताऱ्याजवळच्या एकट्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या महायुद्धात कामी आले. तिथे फौजेबरोबर हिंदी टपाल खात्याची फील्ड पोस्ट ऑफिसं होती. त्यामुळे मुलूख परका असला तरी मनीऑर्डर देशातली, रुपयांतली. ना दराची भानगड, ना दुसऱ्या देशाच्या खात्याची मनधरणी. छावणीत भरलेला पगार साताऱ्याकडच्या एखाद्या खेड्यात पोस्टमनच्या हातून पोचायचा. जवान परत आला नाही, तर घरी उरायची ती तळाची कूपनं.

आपल्याकडची जुनी कागदी मनीऑर्डर २०१५ साली बंद झाली, तिची जागा संगणकावरच्या मनीऑर्डरनं घेतली. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये टपाल संघाची २८ वी परिषद भरली, ती दुबईत. आपल्या कोकणातली आणि देशावरची किती घरं या शहरातल्या कमाईवर उभी राहिली, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे भारतानं आपलं यूपीआय टपाल संघाच्या जाळ्याशी जोडण्याचा प्रकल्प जाहीर केला. मोबाइलवरून आपण चहाचे पैसे देतो त्याच यंत्रणेतून परदेशातलं टपाल खातं इथल्या घरात पैसे पोचवू शकेल, अशी ती कल्पना आहे. यंत्र नवं आहे, पण पैशांच्या व्यवहाराचा करार आजही ऐच्छिकच. म्हणजे प्रत्येक देशाला पुन्हा टेबलाशी बसवावं लागणार. दर कोणता, कोणत्या क्षणाचा, फीमधला वाटा कुणाचा किती, आणि पैसे मध्येच अडकले तर जबाबदार कोण, हे सगळं पुन्हा ठरवावं लागणार.

त्या टेबलाशी बसणाऱ्या आपल्या अधिकाऱ्यांना माझी एक विनंती आहे. पहिला मसुदा कराल तेव्हा पॅरिसचं ते हमीचं कलम सर्वांत वर लिहा. आमच्या आजीला नोटा मोजता येत नव्हत्या. पोस्टमन त्या तिच्यासमोर दोनदा मोजायचा, आणि मगच अंगठ्यासाठी पॅड पुढे करायचा.

नमस्कार.