‘ताण’ म्हणजे कुठला ताण? दुसऱ्या विभागाच्या लोकांपुढे संशोधन मांडताना

फळ्यावर एकच शब्द लिहितेय: ताण. संत्र्यावर काम करणारा म्हणेल, आंबिया बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, घ्यायचा तर थंडीत बागेचं पाणी तोडतात, तो ताण. स्थापत्यवाल्याच्या डोक्यात येईल दर चौरस मीटरवरचं बल. मानसशास्त्रवाली सरळ प्रश्नावली काढेल. तिघंही माना डोलावतात, आणि घोळ कळतो तो शेवटच्या स्लाइडला!

म्हणून बोलायच्या दोन दिवस आधी आपला सारांश दुसऱ्या विभागातल्या कुणाला तरी मोठ्यानं वाचायला द्या. जिथे अडखळतील तिथे खूण करा. असे पाच-सहा शब्द निघतात. ते फळ्यावर लिहून ठेवायचे आणि पुसायचे नाहीत.

वेळेचं गणित असं: बोलणं वीस मिनिटं, चहा दहा, प्रश्न पंचवीस. स्लाइड सातच. परिषदेतल्या चाळीस स्लाइड उचलून आणल्या की कार्यक्रम तिथेच बसला, कारण एका आलेखाला दोन मिनिटं लागतातच. आधी आडव्या अक्षावर काय, उभ्यावर काय, एकक कोणतं, आणि मग रेष कुठे वळते ते.

चहा मध्येच ठेवा, आणि त्याच खोलीत. बाहेर व्हरांड्यात ठेवला तर निम्मे लोक परस्पर पार्किंगकडे जातात. त्या दहा मिनिटांत लाजरी पोरं शेजाऱ्याला प्रश्न बोलून बघतात, तेच पुढे उपयोगी पडतं.

पहिला प्रश्न ज्येष्ठ सरांनी विचारला की विद्यार्थी गप्प झालेच म्हणून समजा. सूत्रसंचालकानं आधीच सांगावं: पहिले तीन प्रश्न वक्त्याच्या विभागाबाहेरचे, विद्यार्थ्यांचे, एका वाक्यात. ‘प्रश्न नाही, जरा मत मांडतो’ असं कुणी सुरू केलं तर हसून थांबवायचं. जमतं ते.

नागपुरात एप्रिल-मे सोडूनच द्या. परीक्षा आणि वर पंचेचाळीस अंश. अमरावती रोडच्या कॅम्पसवर कार्यक्रम असेल तर त्याच रस्त्यावरच्या मृदा सर्वेक्षण ब्युरोतल्या लोकांना बोलवा, नीरी या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेलाही कळवा. वर्धा रोडवरून कापूस संशोधन संस्थेतलं कुणी येणार असेल तर त्यांना शहर ओलांडून यायचंय, हे लक्षात घेऊन वेळ ठरवा.

आणि स्लाइड पीडीएफ करूनच आणा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली मराठी दुसऱ्याच्या लॅपटॉपवर उघडली, की ‘ताण’च्या जागी नुसती रोमन अक्षरांची खिचडी दिसते.