पत्र्याखालचा मे महिना

(दृश्य : सोनेगाव विमानतळाचा मोकळा परिसर, दुपार.)

नागपूरचे तापमान म्हणून मे महिन्यात जो आकडा वर्तमानपत्रांत छापून येतो, तो सोनेगावच्या वेधशाळेत मोजलेला असतो. पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर आणि चहूबाजूंनी वारा खेळता असताना तापमापकाने नोंदवलेली ती हवेची उष्णता असते. २३ मे २०१३ रोजी अशाच सावलीत ४७.९ अंश सेल्सिअसची नोंद झाली. त्या दिवशी कोण कोणत्या छपराखाली होते, हे त्या आकड्यातून कळत नाही.

(दृश्य : दाट वस्ती, एकमेकांना टेकलेली पत्र्याची छपरे.)

नागपूरच्या महाल आणि इतवारीतल्या जुन्या घरांना जाड भिंती, मधला चौक आणि कवेलूचे, म्हणजे मातीच्या कौलांचे, छप्पर असे. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाई. मात्र पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी ती कवेलू फेरावी लागत, माकडे ती फोडत आणि फेरणारे कारागीरही कमी होत गेले. म्हणून ज्यांनी टिनाचे पत्रे घातले, त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. पत्रा उन्हाने झटकन तापतो आणि ती धग थेट खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर सोडतो, त्यामुळे दुपारी अशा खोलीपेक्षा बाहेरच्या झाडाची सावली बरी वाटते. सूर्यास्तानंतर पत्रा लवकर निवतो हे खरे. पण शेजारच्या भिंतीला भिंत लागलेली असल्यामुळे विटांत साठलेली उष्णता बाहेर पडायला वाट राहत नाही. स्लॅबच्या इमारतीत वरच्या मजल्याचे दुखणे निराळे आहे : स्लॅब सावकाश तापतो आणि माणसे अंथरुणाला पाठ टेकतात तेव्हा साठवलेली उष्णता सोडत राहतो.

छपराचा हा परिणाम जिवावर कसा बेततो, हे अहमदाबादने पाहिले आहे. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला आणि त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. तेथील एका सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचा कक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर होता. तो तळमजल्यावर हलवल्यानंतर उन्हाच्या झळीने आजारी पडणाऱ्या नवजात बाळांची संख्या घटली. शहर तेच आणि ऊनही तेच होते. फक्त बाळांच्या डोक्यावरचे तापलेले छत दूर झाले होते.

अहमदाबादचा उष्णता कृती आराखडा, म्हणजे उन्हाच्या लाटेला तोंड देण्याची शहराची योजना, २०१३ मध्ये आला आणि नागपूरने २०१६ मध्ये तोच मार्ग धरला. त्यातून इशारे वेळेवर मिळू लागले, ही मोलाची गोष्ट आहे. पण इशारा मिळाल्यावर घरात थांबा असे सांगायचे, तर ते घर थांबण्याजोगे असावे लागते.

(दृश्य : खिडकीत बसवलेला कूलर, ताट्यांवर पाणी ओतणारे हात.)

विदर्भाचा खरा आधार म्हणजे कूलर. कोरड्या हवेत कूलरच्या ओल्या ताट्यांतून, म्हणजे बाजूच्या गवती पडद्यांतून, येणारा वारा गार लागतो. मात्र ती हवा दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला वाट हवी, घागरीमागून घागरी पाणी हवे आणि वीज टिकायला हवी. एकाच खिडकीच्या खोलीत काही वेळाने नुसती ओल साचते, आणि दमट हवेत घाम वाळत नाही. जिथे पाणी टँकरने येते, तिथे कूलरच्या टाकीत किती ओतायचे, हा रोजचा हिशेब घरातल्या बाईला करावा लागतो.

दरम्यान, घराबाहेरचा गारवाही आटत चालला आहे. पानांतून पाण्याची वाफ होताना झाड भोवतालची हवा निववते, पण रस्त्याचे सिमेंट थेट बुंध्याला भिडवले, तर मुळांना पावसाचे पाणी मिळत नाही. वस्त्यांच्या आणि कामगारांच्या वाटेवर अशी झाडे आधीच थोडी आहेत.

(दृश्य : रात्र, अरुंद बोळ.)

दिवसभर तापलेल्या शरीराला रात्री निवायला अवसर मिळाला नाही, तर हृदयावरचा ताण दुसऱ्या दिवशी तसाच पुढे जातो. वृद्धांना आणि हृदयविकार असलेल्यांना हे सर्वाधिक जड जाते. गच्ची असलेले लोक तिच्यावर पाणी शिंपडून अंथरुणे टाकतात. पत्र्यावर झोपता येत नाही, म्हणून पुरुष खाटा बोळात काढतात. बोळात दुसरी खाट मावत नाही, आणि बायका व मुली आतच झोपतात.