कॅटलॉगमध्ये आहे, वेळापत्रकात नाही

(पडद्यावर कॉलेजचं ऑनलाइन वेळापत्रक. कर्सर हळूहळू खाली सरकतो.)

अशी एक ओळ नीट वाचू या. विषय राज्यशास्त्र. अभ्यासक्रम : अमेरिकन शासन आणि राजकारण. पुढे वार, वेळ, खोली, शिक्षकाचं नाव. त्यापुढे बारीक अक्षरात खूण, की या वर्गाला पुस्तकाचा खर्च शून्य. आणि अगदी शेवटी ‘वेटलिस्ट’. म्हणजे वर्ग भरला. नाव नोंदवून ठेवा, कुणी गळालं तर नंबर लागेल.

आता त्याच कॉलेजचा कॅटलॉग. मानववंशशास्त्र, अर्थशास्त्र, भूगोल, इतिहास, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र. पानामागून पानं. वाचणाऱ्याला वाटतं, एवढ्याशा फीमध्ये केवढा खजिना! पण कॅटलॉग सांगतो, कॉलेजला काय काय शिकवता येतं. या तिमाहीत खरोखर काय शिकवलं जाणार, ते वेळापत्रक सांगतं. कम्युनिटी कॉलेजातल्या सामाजिक शास्त्रांचा आढावा घ्यायचा, तर ही दोन्ही शेजारी शेजारी उघडून बसायला हवं. नुसता कॅटलॉग पाहून केलेला आढावा म्हणजे हॉटेलचं मेन्यूकार्ड वाचून जेवणाला शाबासकी देणं.

(बाहेरचं दृश्य. स्टीव्हन्स क्रीक बुलेव्हार्ड, कॉलेजची पाटी, सायकली, बस.)

हे कुपर्टिनो, कॅलिफोर्निया. ॲपलचं गाव. इथे हायवे ८५ ला लागून डी अँझा कॉलेज आहे, १९६७ साली सुरू झालेलं. प्रवेशपरीक्षा नाही, कटऑफ नाही. राज्यातल्या रहिवाशाला एका युनिटला, म्हणजे एका श्रेयांकाला, ३१ डॉलर, तर चार युनिटांच्या विषयाला १२४ डॉलर, वर किरकोळ शुल्क. उत्पन्न कमी असेल तर हेही बऱ्याचदा माफ होतं. जवळपासच्या खासगी विद्यापीठांच्या फीचा आकडा या आकड्याशेजारी लिहायची सोयच नाही.

कॅलिफोर्नियात अशी ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत आणि त्यांत सुमारे २० लाख विद्यार्थी शिकतात. आपल्याकडे यूजीसीने ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणून जी योजना आणली, ती कौशल्यशिक्षणाची; तिथे इतिहास-समाजशास्त्राचा प्रश्न फारसा येतच नाही. इथे येतो. कारण इथल्या विद्यार्थ्याला दोन वर्षं शिकून पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जाता येतं. त्याला इथे ‘ट्रान्सफर’ म्हणतात, आणि वेळापत्रकातली बरीचशी गणितं याच एका शब्दाभोवती फिरतात.

(कॅम्पसमधली जुनी, पांढरी, खांबांची वास्तू.)

ही इमारत ‘ल पेती त्रियानों’. कॉलेज होण्याआधी इथे द्राक्षमळा होता आणि हा मळ्याच्या मालकाचा बंगला. आज इथे कॅलिफोर्निया हिस्टरी सेंटर आहे. चिप आणि आयफोन येण्यापूर्वी हे खोरं जर्दाळू आणि प्रूनच्या बागांचं होतं. बागांत राबायला चिनी, जपानी, फिलिपिनो, मेक्सिकन माणसं आली. त्यांच्याही आधी इथे ओलोनी हे मूलनिवासी लोक राहत होते. सामाजिक शास्त्राचा विद्यार्थी वर्गातून पाच मिनिटं चालत आला, की त्याचा विषय त्याच्या पुढ्यात उभा. एवढी सोय फार थोड्या कॉलेजांना असेल. तिचा उपयोग कितीजण करतात, ते मात्र वर्ग किती लागतात यावर अवलंबून.

आता गणिताकडे येऊ. थोडं रुक्ष आहे, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

(पडद्यावर रिकामे चौकोन. एकेक भरत जातो.)

२०२१ साली राज्याने कायदा केला, की ट्रान्सफरसाठी सामान्य शिक्षणाचा, म्हणजे मुख्य विषय कुठलाही असला तरी कराव्या लागणाऱ्या ‘जीई’ विषयांचा, एकच आराखडा असावा. त्यातून ‘कॅल-गेट्सी’ आला आणि २०२५ च्या शरदापासून लागू झाला. एकूण ११ विषय, म्हणजे भरायचे ११ चौकोन; ३४ सेमिस्टर युनिटं. इंग्रजी आणि संभाषण मिळून तीन. गणित एक. कला आणि मानव्यविद्या दोन. विज्ञान दोन, त्यातल्या एकाला तरी प्रयोगशाळा हवी. सामाजिक आणि वर्तनशास्त्रं दोन, तीही दोन वेगवेगळ्या विषयांतली. आणि एथ्निक स्टडीज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय, मूलनिवासी, आशियाई, लॅटिनो समाजांचा अभ्यास, एक.

आधीच्या आराखड्यात सामाजिक शास्त्रांचे तीन चौकोन होते. एथ्निक स्टडीज आलं, तेव्हा तिसरा चौकोन त्याच्याकडे गेला.

दोन चौकोन, आणि दारात उभे सातआठ विषय. कोण आत जाणार? ज्याच्यामागे दुसरी गरज उभी आहे तो. बिझनेसकडे जाणाऱ्याला मॅक्रो आणि मायक्रो अर्थशास्त्र लागतंच, म्हणून ते वर्ग भरतात. नर्सिंगकडे जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी मानसशास्त्र लागतं. मानसशास्त्राला तर गरज नसतानाही गर्दी असते. कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीला पदवीसाठी अमेरिकन इतिहास आणि राज्यघटना हवी असते, म्हणून इतिहास आणि राज्यशास्त्र तगून आहेत. अमेरिकन इतिहासाचं आणखी एक बरं आहे. तो बऱ्याच कॉलेजांत मानव्यविद्येच्या चौकोनातही बसतो आणि सामाजिक शास्त्राच्याही.

मानववंशशास्त्राची गंमत याहून पुढची. त्याचा जैविक भाग, म्हणजे कवट्या, उत्क्रांती, वानरकुळं, हा जीवशास्त्राच्या चौकोनात चालतो. त्यामुळे विज्ञानाला घाबरणारी मुलं तिकडे वळतात आणि वर्ग भरतो. भूगोलाचंही तसंच. प्राकृतिक भूगोल विज्ञान म्हणून चालतो. मागे राहतो तो या दोन्ही विषयांचा माणसांबद्दलचा अर्धा भाग : सांस्कृतिक मानववंशशास्त्र, मानवी भूगोल. एकाच विभागाचं एक दुकान चालतं आणि त्याच्या जिवावर दुसरं उघडं राहतं. तरी अहवालात मात्र विभागाची नोंदणी समाधानकारक दिसते. आढावा घेणाऱ्याने इथेच थांबून विचारायला हवं, की ही नोंदणी नेमकी कुठल्या वर्गाची?

(बैठकीची खोली. टेबलावर लॅपटॉप, कागद, कॉफीचे कप. चेहरे दिसत नाहीत.)

आढावा घेतं कोण? १९८८ च्या कायद्याने अभ्यासक्रम, पदव्या, गुणदान अशा बाबतींत प्राध्यापकांच्या अकॅडमिक सिनेटला अधिकृत आवाज दिला. या बाबींची यादी इतकी पाठ झालेली असते, की बैठकीत कुणी नुसतं ‘टेन प्लस वन’ म्हटलं तरी सगळे समजतात. सिनेटच्या छायेत करिक्युलम कमिटी बसते. तिच्यापुढे प्रत्येक विषयाची ‘कोर्स आउटलाइन’ येते.

ही आउटलाइन जवळून पाहण्यासारखी असते. पहिल्या पानावर युनिटं आणि तास. एका सेमिस्टर युनिटमागे विद्यार्थ्याचं किमान ४८ तासांचं काम गृहीत. तिमाही पद्धतीत ते ३३ तास. मग पूर्वअट आहे का. मग उद्दिष्टं, आणि प्रत्येक वाक्याचं क्रियापद तपासलं जातं, कारण ‘समजून घेणे’ चालत नाही, ‘विश्लेषण करणे’, ‘तुलना करणे’ हवं. मग आशय, शिकवण्याची पद्धत, नमुन्याचे स्वाध्याय. शेवटी पाठ्यपुस्तकं, आणि त्यातलं निदान एक साधारण सात वर्षांच्या आतलं असावं अशी विद्यापीठांची अपेक्षा. प्राचीन इतिहासाच्या विषयाला ही अट जरा मजेशीरच लागू होते. पण ती चुकली, तर ट्रान्सफरची मान्यता अडकू शकते.

याच्या जोडीला ‘प्रोग्राम रिव्ह्यू’, म्हणजे विभागाचा आढावा, असतो. कोणत्या समाजगटातली किती मुलं उत्तीर्ण झाली, किती मध्येच सोडून गेली, गटागटांत अंतर किती. हे आकडे मागितले जातात हे फार चांगलं. पण ते वर्गात येऊन बसलेल्यांचे असतात. जो वर्ग लागलाच नाही, त्याचा आकडा कुठल्याच रकान्यात येत नाही.

(काळी-पांढरी छायाचित्रं. ओकलंडचे रस्ते, १९६० चं दशक.)

कुठला विषय शिकवायचा, हे नेहमी समितीच्या टेबलावरच ठरलं असं नाही. इथून तासाभरावर ओकलंड आहे. तिथल्या मेरिट कॉलेजात, ग्रोव्ह स्ट्रीटच्या जुन्या कॅम्पसवर, १९६० च्या दशकात ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील शिकत होते. हेही कम्युनिटी कॉलेजच. कृष्णवर्णीयांचा इतिहास अभ्यासक्रमात हवा, यासाठी तिथल्या विद्यार्थ्यांनी कॉलेजशी झगडा मांडला. ऑक्टोबर १९६६ मध्ये याच दोघांनी ब्लॅक पँथर पार्टी स्थापन केली. पुढे नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला, तो मार्च १९६९ पर्यंत चालला. एथ्निक स्टडीज हा विषय विद्यापीठांत उभा राहिला तो या भांडणातून.

आणि आज तोच विषय आराखड्यातला एक सक्तीचा चौकोन आहे. २०२० साली स्टेट युनिव्हर्सिटीसाठी कायदा झाला, पाठोपाठ कम्युनिटी कॉलेजांच्या दोन वर्षांच्या पदवीलाही ही अट लागली. मला स्वतःला हे योग्य वाटतं. फक्त एक खटकतं. ज्या विषयासाठी मुलं रस्त्यावर उतरली, त्याच्याबद्दल आजचं मूल काउन्सेलरला विचारतं, ‘ऑनलाइन आहे का? सोपा कुठला?’ यात मुलाची चूक नाही. चौकोन समोर ठेवला, की माणूस तो भरायलाच बघणार.

(अपार्टमेंटचं स्वयंपाकघर. डब्यांची मांडणी, भिंतीवर कालनिर्णय.)

सनीव्हेल, फ्रीमाँट, कुपर्टिनोच्या मराठी घरांना हे कॉलेज परकं नाही. हायस्कूलमधली मुलं उन्हाळ्यात इथे येऊन एखादा विषय करून टाकतात. ‘करून टाकतात’ हेच क्रियापद. कॅल्क्युलस असेल तर घरात चर्चा होते, शिकवणी शोधली जाते. समाजशास्त्र असेल तर आई म्हणते, ‘ते जीई ना? उरकून टाक उन्हाळ्यात.’ एच-४ व्हिसावर, म्हणजे नोकरदार नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून, आलेल्या, नोकरीची परवानगी नसलेल्या बायकाही इथे येतात. त्यांना कॅलिफोर्नियात रहिवासी म्हणून फी भरता येते, ही गोष्ट पुष्कळ जणींना उशिरा कळते.

आणि मग समाजशास्त्राच्या प्राथमिक वर्गात, सामाजिक स्तरीकरणाच्या धड्यात, अचानक जात समोर येते. ओपनस्टॅक्सचं मोफत पाठ्यपुस्तक बऱ्याच वर्गांत वापरलं जातं. त्यात भारतातली जातिव्यवस्था बंदिस्त समाजरचनेचं उदाहरण म्हणून दिलेली आहे. थोडक्यात, काही परिच्छेदांत. वर्गातल्या देशी मुलाकडे बाकीचे बघतात. घरी ज्याबद्दल कुणी बोललं नाही, त्यावर आता तोंड उघडायचं. जात हा इथे नुसता पुस्तकातला विषय राहिलेला नाही. स्टेट युनिव्हर्सिटीने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केला. राज्याच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये तसं विधेयकही मंजूर केलं, ऑक्टोबरमध्ये गव्हर्नरांनी त्यावर नकाराधिकार वापरला. घरातल्या मोठ्यांनी यात कुठली बाजू घ्यायची ती घ्यावी. पण बारा आठवड्यांच्या तिमाहीत मुलाने तो धडा ‘उरकून’ टाकू नये, एवढं तरी म्हणायला हरकत नाही.

बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेले ते अर्थशास्त्र शिकायला, पण त्यांनी समाजशास्त्र, इतिहास, मानववंशशास्त्र असे कितीतरी वर्ग केले. जातीच्या उगमावरचा त्यांचा निबंध ९ मे १९१६ रोजी वाचला गेला तो मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये. ज्या विषयाचा माणसांबद्दलचा अर्धा भाग आज वेळापत्रकात मागे पडतो, त्याच विषयाच्या.

(पुन्हा पडदा. जुने-नवे विषय-क्रमांक शेजारी शेजारी.)

चांगली बातमीही आहे. २०२१ च्या दुसऱ्या एका कायद्याने सगळ्या ११६ कॉलेजांना समान विषय-क्रमांक वापरायला सांगितले. पहिल्या तुकडीतले सहा विषय २०२५ च्या शरदात आले. त्यात सामाजिक शास्त्रांतले दोन : अमेरिकन शासन आणि मानसशास्त्राची ओळख. दोन्हींचा क्रमांक सी १०००, आधीचं विषयाचं संक्षिप्त नाव तेवढं बदलतं. पूर्वी एका कॉलेजातून दुसरीकडे गेलेल्या विद्यार्थ्याला ‘माझा तो विषय म्हणजे तुमचा हा’ हे पटवत बसावं लागायचं. ती कटकट संपेल. शिक्षकांना मात्र धास्ती आहे, की आशय एकसाची झाला तर आपापल्या गावचं काय ते शिकवायला जागा उरणार नाही. मला वाटतं, ती जागा शिक्षक काढतोच. कसोटी लागणार ती दुसऱ्या पायरीच्या विषयांची, ज्यांना असा राज्यभराचा क्रमांक लवकर मिळणार नाही.

म्हणजे शेवटी गोष्ट येते डीनच्या टेबलावर. तिमाही सुरू व्हायला आठवडा आहे. समजा, संध्याकाळच्या मानवी भूगोलाच्या वर्गात चौदा नावं आहेत. बऱ्याच ठिकाणी पंधरा-वीसच्या खाली नोंदणी गेली, की वर्ग रद्द होण्याच्या यादीत जातो. २०१८ पासूनच्या निधीच्या सूत्रात सुमारे सत्तर टक्के पैसा नोंदणीवरच येतो, त्यामुळे डीनला एकट्याला दोष देऊन भागत नाही. शेजारी मानसशास्त्राच्या वर्गाला वेटलिस्ट आहे, शिक्षक उपलब्ध आहे, खोली एकच आहे. त्या चौदांतले निम्मे दिवसा नोकरी करणारे असू शकतात; त्यांना सकाळचा वर्ग दाखवून उपयोग नाही. रद्द करायचाच असेल तर आज करायला हवा, म्हणजे त्यांना दुसरीकडे नाव घालता येईल. आणि चालवायचा असेल तर पुढच्या प्रोग्राम रिव्ह्यूमध्ये त्याचं कारण लिहून द्यावं लागेल. त्यासाठी फॉर्मवर अर्ध्या पानाची जागा असते.