रुमालावरचा क्लोरोफॉर्म

श्रोतेहो, नमस्कार.

खलनायकाचा माणूस मागून येतो, नायिकेच्या नाकावर रुमाल दाबतो. तिचे डोळे दोनदा फडफडतात आणि ती कोसळते. हिंदी-मराठी पडद्यावर हे आपण इतक्यांदा पाहिलंय, की रुमाल दिसला रे दिसला की आपणच मनात 'क्लोरोफॉर्म' म्हणून मोकळे होतो. काम पाच सेकंदांत फत्ते! आज या पाच सेकंदांचीच झडती घेऊ.

पडद्यावरचं रसायनशास्त्र तपासायची हौस बऱ्याच जणांना असते. 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेत हायड्रोफ्लुओरिक आम्लात प्रेत विरघळवायला जातात, तर टब आणि जमीनसुद्धा विरघळून सगळा राडा खालच्या मजल्यावर येतो. 'मिथबस्टर्स' कार्यक्रमानं २०१३ साली हा प्रकार करून पाहिला. ना डुकराचं मांस विरघळून गेलं, ना टबाला भोक पडलं. हे आम्ल काच खातं आणि अंगावर सांडलं तर रक्तातलं कॅल्शियम ओढून जीवही घेऊ शकतं. पण जमीन फोडणं त्याच्या कुंडलीत नाही. त्याच मालिकेला ओक्लाहोमा विद्यापीठाच्या रसायनशास्त्रज्ञ डोना नेल्सन सल्ला देत. त्यातला अमली पदार्थ शुद्ध असेल तर रंगहीन हवा, हे त्यांनी सांगितलं होतं. निर्मात्यांनी तो निळाच ठेवला. ठेवू द्या, गोष्टीला ओळखीची खूण लागते.

रुमालाची गोष्ट मात्र वेगळी आहे. क्लोरोफॉर्म साधारण ६१ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे उघड्यावर तो भराभर उडतो. रुमालाच्या कडांनी हवा आत शिरते. उरलेली वाफ फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत पुरेशी साठायला संथ, खोल श्वास हवेत, तेही काही मिनिटं. झटापट करणारा माणूस असा शहाण्यासारखा श्वास घेत बसेल का?

खरा रुमालही इतिहासात आहे. १८५३ च्या एप्रिलमध्ये व्हिक्टोरिया राणीच्या बाळंतपणात डॉक्टर जॉन स्नो यांनी घडी घातलेल्या रुमालावर थोडा थोडा क्लोरोफॉर्म दिला. हे स्नो म्हणजे लंडनच्या कॉलऱ्याचा माग काढणारेच. ५३ मिनिटं हा प्रकार चालला. राणीच्या वेदना कमी झाल्या, पण शुद्ध काही हरपली नाही!

मात्रा वाढवली तर? तोच वाद पुढे हैदराबादेत रंगला. मराठवाडा तेव्हा निजामाच्याच राज्यात होता. क्लोरोफॉर्मखाली रोगी दगावतो तो श्वास थांबून की हृदय थांबून, हे ठरवायला १८८८ आणि १८८९ मध्ये तिथं दोन आयोग बसले आणि शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले. खर्च निजामानं उचलला. सर्जन एडवर्ड लॉरी यांचा निष्कर्ष ठाम होता: श्वासावर नजर ठेवा, नाडीची काळजी नको. त्या काळी हैदराबादेत रुग्णांना क्लोरोफॉर्म देणाऱ्यांत रूपाबाई फर्दुनजी या पारशी डॉक्टरही होत्या. त्यांच्यावर खरं तर एक वेगळं भाषण व्हायला हवं.

लॉरींचा निष्कर्ष टिकला नाही. १९११ मध्ये ए. जी. लेव्ही यांनी मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं, की क्लोरोफॉर्म अर्धवट चढलेला असताना अंगात अ‍ॅड्रेनलिन उसळलं, तर हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावायचे सोडून नुसते थरथरत राहतात आणि रक्ताभिसरण थांबतं. आता पुन्हा ते दृश्य डोळ्यांपुढे आणा. घाबरलेली, धडपडणारी नायिका म्हणजे अ‍ॅड्रेनलिन शिगेला. रुमालावर बेताबाताचा क्लोरोफॉर्म, म्हणजे गुंगी अर्धीमुर्धी. लेव्हींनी मांजरांपुढे वाढून ठेवलेला धोका तो हाच. पाच सेकंदांत ती झोपणार नाही. धरून ठेवलीच, तर गाडीत घालेपर्यंत कदाचित जिवंतही राहणार नाही. आणि समजा गुंगी आलीच, तरी जीभ मागे सरकून श्वास अडू नये म्हणून हनुवटी धरून बसणारं माणूस लागतं. आपल्या सिनेमातले गुंड तर तिला पोत्यासारखी खांद्यावर टाकून जिने उतरतात.

पडद्यावरच्या वेगानं झोप आणणारी औषधं आज खरंच आहेत. ती शिरेतून देतात, मिनिटभराच्या आत माणूस झोपतो. फक्त त्यासाठी उशाशी ऑक्सिजन, नाडी आणि श्वास दाखवणारी यंत्रं आणि जागचा न हलणारा भूलतज्ज्ञ लागतो. एवढा लवाजमा घेऊन अपहरणाला निघालेला खलनायक अजून माझ्या तरी पाहण्यात नाही.

नमस्कार.