झाकणाचं सॉफ्टवेअर

मागे बसलेल्यांना दिसावा म्हणून जरा उंच धरतो. ओळखलात? मोटोरोला रेझर व्ही३, २००४ सालचा. मिटल्यावर जाडी १३.९ मिलिमीटर, वजन ९५ ग्रॅम. चारेक वर्षांत १३ कोटींच्या वर विकला गेला. तेव्हा ज्यांच्याकडे हा होता, ते चहाच्या टपरीवर पैसे काढताना आधी हा टेबलावर ठेवायचे. असो. त्याच्या रूपाचं कौतुक पुष्कळांनी केलंय, मी नाही करणार. माझं डोंबिवलीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी असले फोन बाहेरून कमी, आतूनच जास्त पाहिलेत. वाचनालयाच्या मंडळींनी विषय दिला ‘जुना घडीचा मोबाइल वापरायला कसा होता?’ माझं उत्तर एका ओळीचं आहे: झाकण उत्तम, मेन्यू वैताग. पण तेवढ्यावर तुम्ही मला सोडणार नाही.

झाकणापासून सुरू करू. उघडलं की फोन उचलला, मिटलं की ठेवला. घरी काळा डबडा फोन होता त्याचा रिसीव्हर उचलायचा-ठेवायचा, तीच सवय. म्हणून आजी-आजोबांना हा फोन शिकवावा लागला नाही. हिरवं बटण कुठलं, लाल कुठलं, हा प्रश्नच नाही. खिशात बटणं दाबली जाऊन भलत्यालाच फोन लागण्याचीही भानगड नाही. साध्या हँडसेटला त्यासाठी कीपॅड लॉक करावा लागायचा, इथे मिटलं की झालं.

पण फोनला कसं कळतं, झाकण मिटलंय म्हणून? पुष्कळांना वाटतं बिजागरीत एखादं बटण असेल. बहुतेक घडीच्या फोनांत तसं नसतं. एका पाळीत, म्हणजे फोनच्या एका अर्ध्या भागात, तांदळाच्या दाण्याएवढं लोहचुंबक असतं आणि दुसरीत त्याचा सुगावा घेणारा हॉल सेन्सर. चुंबक जवळ आलं की सॉफ्टवेअर समजतं, मिटला.

यावरून एक गंमत. एक काकू दुकानात यायच्या. तक्रार अशी, की बोलता बोलता फोन कट होतो, पण फक्त भिशीच्या दिवशी. कुठल्या कंपनीचा होता ते जाऊ द्या. दोनदा उघडला, सगळं ठणठणीत. मी मनात म्हटलं, नेटवर्कलाही भिशीचा कंटाळा आला असेल. तिसऱ्या खेपेला त्या स्वतः फोनवर बोलत आल्या, उघडा फोन स्पीकरवर टाकून मांडीवरच्या पर्सवर ठेवला आणि माझ्या डोळ्यांदेखत कट! पर्सला चुंबकाचं बटण होतं. ती पर्स ठेवणीतली, भिशीलाच निघायची. फोन बिचारा प्रामाणिक होता, त्याला वाटलं काकूंनी मिटलं.

झाकणावरची छोटी खिडकी, तीही अक्कलहुशारीची. न उघडता कळायचं कोण आहे. आज याचं काही वाटणार नाही, पण आपल्याकडे १९९५ ला मोबाइल आला तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत पडायचे आणि येणाऱ्या फोनचेही पैसे लागायचे. ते थेट मे २००३ मध्ये थांबलं. तोवर फोन वाजला की उचलायचा की नाही हा खर्चाचा प्रश्न होता. पैसे लागायचे थांबले तरी सवय राहिली. म्हणून ‘उघडताच उचलू नकोस’ अशी सोय पुष्कळ फोनांच्या सेटिंगमध्ये ठेवलेली असे. ती नेमकी कुठे, हे शोधायला मात्र माझ्याकडे यावं लागायचं.

हाच तो वैताग. मेन्यूत मेन्यू, त्यात आणखी मेन्यू. त्यावर मी फार वेळ घालवत नाही, कारण खरी मजा लिहिण्यात होती.

बारा बटणांपैकी आठांवर सव्वीस रोमन अक्षरं. दोनवर ए, बी, सी, तीनवर डी, ई, एफ, असं नऊपर्यंत. ‘सी’ हवा तर दोनचं बटण तीनदा दाबा. यावर तोडगा म्हणून टी९ आलं. मोटोरोलाचं स्वतःचं आयटॅप होतं. प्रत्येक बटण एकदाच दाबायचं, शब्द फोन ओळखेल. कोणता शब्द? त्याच्या कोशातला, म्हणजे इंग्रजी. आणि आपण लिहिणार मराठी, रोमन अक्षरांत.

आता हिशेब बघा. ‘आई’ म्हणजे ए, ए, आय: दोन, दोन, चार. त्याच बटणांवर इंग्रजी शब्द कोणता? बॅग. ‘आहे’ म्हणजे दोन, दोन, चार, तीन. इंग्रजीत होतो केज, पिंजरा. ‘काय’ झालं पाच, दोन, नऊ: लॉ, कायदा. तुम्ही शेजारी विचारताय ‘आई आहे काय?’ आणि न बघता पाठवलंत, तर तिकडे पोचणार ‘बॅग केज लॉ’. तिकडचा ‘होय’ म्हणणार, चार, सहा, नऊ. आणि तुम्हाला दिसणार ‘हाऊ’!

मग लोक शब्द शिकवायचे. एकेक अक्षर पाडून ‘आई’ एकदा लिहिलं की फोन लक्षात ठेवायचा. वर्षभरात कोशात आई, आहे, येतो, जेवलास का असं सगळं साठायचं. आणि मी दुरुस्तीत फोन रिसेट केला की ते पुसलं जायचं. नंबर सिमवर असायचे ते शाबूत, पण शिकवलेले शब्द गेले. एक गृहस्थ माझ्यावर खरंच चिडले होते, “तुम्ही माझ्या फोनचं मराठी घालवलंत!” मी हसलो होतो. आता वाटतं, बरोबर होतं त्यांचं.

देवनागरीत का नाही लिहायचं, असं विचाराल. काही हँडसेटवर येत होतं. पण एसएमएसच्या एका पाकिटात मावतात १४० बाइट, एका बाइटचे आठ बिट. रोमन अक्षरं सात-सात बिटांची, म्हणून १६० बसतात. देवनागरी चिन्हाला दोन बाइट, म्हणून सत्तर. त्यातही काना वेगळा मोजायचा, मात्रा वेगळी, हलन्त वेगळा. ‘राष्ट्र’ डोळ्यांना दोन अक्षरं, फोनला सात. ‘दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा’ मी मोजलंय: मधल्या दोन मोकळ्या जागा धरून २७. रोमनमध्ये तेच २८, म्हणजे जवळजवळ सारखंच. पण इथे सत्तरातले गेले, तिथे १६० तले. सणाला देवनागरीत दोन ओळी लिहिल्या की दुसरा मेसेज लागला, आणि पैसे दुप्पट. लोक रोमनमध्ये मराठी लिहायला लागले त्यात कीपॅडचा दोष असेलच, पण हा हिशेबही होता.

सिमवरच्या नंबरांचं म्हणाल, तर तिथे एका नावाला एकच नंबर, आणि नावही मोजक्या अक्षरांत. म्हणून प्रत्येकाच्या फोनमध्ये ‘सुरेश’, ‘सुरेश २’, ‘सुरेश घर’. आणि यादी वर्णक्रमाने, म्हणून बायकोचं नाव ‘ए’ लावून सगळ्यात वर. कोणी शिकवलं नव्हतं, तरी सगळे करायचे.

आता झाकणाची किंमत. वरची पाळी आणि खालची पाळी जोडायला बिजागरीतून एक पातळ पट्टी जाते, तिला आम्ही फ्लेक्स म्हणतो. दिवसातून शंभरदा उघडझाप, ती तेवढ्याच वेळा वाकते. शेवटी आतले तार तुटतात. आधी डिस्प्ले एका ठराविक कोनातच दिसतो. लोक तो कोन शोधून, श्वास रोखून मेसेज वाचायचे. मग पांढरा पडतो. या फ्लेक्सवर माझं दुकान काही वर्षं चाललं, खोटं कशाला बोलू.

आणखी एक. रेझरचा कीपॅड एका धातूच्या पत्र्याचा, सपाट. दिसायला देखणा, पण बोटांना बटणं वेगळी लागत नाहीत. अंधूक दिसणाऱ्याला जाड रबरी बटणं आणि पाचवरचा उंचवटा जितका कामाचा, तितका हा नाही.

आत्ता एका आजोबांनी चिठ्ठी पाठवलीय: ‘माझ्याकडे असाच पडून आहे, चालेल का?’ आजोबा, जिओचं सिम नाही चालणार, ते पहिल्यापासून ४जी आणि हा २जी. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं घालून बघा. अमेरिकेत असता तर गोष्ट वेगळी, तिथल्या एटी अँड टी या मोबाइल कंपनीने १ जानेवारी २०१७ ला २जी बंदच केलं. सिम छोटं असेल तर चौकट लागेल, दहा-वीस रुपयांची. चार्जर जुना मिनी यूएसबी. नवा बसत नाही, जोर लावू नका. आणि मागचं झाकण आधी काढून पाहा. बॅटरी पोट सुटल्यासारखी फुगली असेल तर चार्जिंगला अजिबात लावायची नाही. तशीच पिशवीत घालून दुकानात आणा, मंगळवारी बंद असतं.